काय ठेवावे, काय टाकावे

अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे परीक्षण सुरू झाले की हल्ली एक चित्र हमखास समोर येते. संगणकाच्या पडद्यावर उपग्रहाचा एखादा फलक असतो, त्यावर निळ्यापासून तांबड्यापर्यंतचे रंग पसरलेले असतात आणि विद्यार्थी मोठ्या अभिमानाने सांगतो, "सर, आठ लाख एलिमेंट्स घेतले आहेत." परीक्षक मान डोलावतात, गुण पडतात, पुढचा गट आत येतो. हेच उत्तर आठ हजारांत आले नसते काय, असे कोणी विचारीत नाही. आणि हे उत्तर बरोबर आहे हे तुला कशावरून कळले, हा प्रश्न तर फारच अडचणीचा म्हणून तोही कोणी विचारीत नाही.

माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगतो. कंपनाच्या शास्त्रात अवाढव्य मॉडेल ही हुशारीची खूण नव्हे. पुष्कळदा ती विचार टाळल्याची खूण असते. कशाकडे दुर्लक्ष केले तर चालेल आणि कशाकडे केले तर उपग्रह हातचा जाईल, हे ज्याला कळते त्यालाच या विषयातले काही कळते असे म्हणता येईल. आणि नेमकी हीच गोष्ट आपण वर्गात शिकवीत नाही.

उपग्रह अवकाशात गेल्यावर शांतपणे फिरत असतो. त्याची खरी परीक्षा असते ती वर जातानाच्या पहिल्या काही मिनिटांत. अग्निबाण त्याला खालून हादरवतो, इंजिनांचा आवाज चहूबाजूंनी त्याच्या पातळ फलकांवर आदळतो, टप्पे सुटताना धक्के बसतात. अग्निबाणाला स्वतःची अशी नैसर्गिक वारंवारता असते, उपग्रहालाही असते. दोन्ही जुळल्या की अनुनाद होतो. म्हणूनच अग्निबाण पुरविणारे उपग्रह बनविणाऱ्याला आधीच बजावतात, की तुमच्या रचनेची पहिली वारंवारता अमक्या हर्ट्झच्या खाली येता कामा नये. ही किती गंभीर बाब आहे ते ४ एप्रिल १९६८ रोजी उडालेल्या 'अपोलो ६'ने दाखवून दिले. त्या 'सॅटर्न ५' अग्निबाणाची पूर्ण आकाराची प्रतिकृती हंट्सव्हिल येथील उंच मनोऱ्यात आधी महिनोन् महिने हलवून पाहिलेली होती. तरीही उड्डाणात इंजिनांचा दाब आणि सांगाड्याची लांबीच्या दिशेतली थरथर एकमेकांना खतपाणी घालू लागली आणि सेकंदाला सुमारे पाच वेळा सबंध अग्निबाण आखडू-पसरू लागला. सुदैवाने आत माणसे नव्हती.

मग कंपनाचे गणित करायचे कसे? कोणत्याही वस्तूला कंप पावण्याच्या अगणित तऱ्हा असतात. पुस्तकात त्यांना 'मोड' म्हणतात. या तऱ्हांचा हिशेब ठेवण्याच्या कामी मला आपल्या तबल्याइतके चांगले उदाहरण आढळलेले नाही. साधे ताणलेले कातडे वाजविले तर त्याच्या तऱ्हांच्या वारंवारता १, १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या प्रमाणात येतात. त्यातून सूर निघत नाही, नुसता 'धब' असा आवाज निघतो. तबल्याच्या मध्यावर शाई घातली की त्या जागी वस्तुमान वाढते आणि हे आकडे सरकत सरकत पूर्णांकांजवळ येऊन बसतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात यावर लिहिले आणि १९३४ मध्ये त्याचा सविस्तर उलगडा केला. कातड्याच्या पहिल्या नऊ तऱ्हा मिळून पाचच सुरांचे गट बनतात, असे त्यांनी दाखविले. गणिताने पाहू जाता तबल्याला अनंत तऱ्हा आहेत, पण कानाला त्यातल्या पाच सुरांचे गट पुरतात, आणि शाई घोटणाऱ्या कारागिराला हे कोणत्याही समीकरणाशिवाय ठाऊक असते. (कंपन हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच आहे. त्यामुळे या अंकाच्या दुसऱ्या विभागातील मित्रांनाही हा मुद्दा भाषांतराशिवाय पोचेल अशी आशा आहे.)

आता उपग्रहाच्या फलकाकडे येऊ. आजच्या उपग्रहाचे फलक बहुधा संमिश्र द्रव्याचे असतात. राळेत बसविलेल्या कार्बन तंतूंचे दोन पातळ पापुद्रे, आणि त्यांच्यामध्ये मधाच्या पोळ्यासारखा, षटकोनी घरांचा ॲल्युमिनियमचा गाभा. हा खटाटोप कशासाठी, ते एका लहानशा हिशेबाने कळेल. पाव मिलिमीटर जाडीचे दोन पापुद्रे एकमेकांना चिकटवून टाकले तर जी वाकण्याची ताठरता मिळते, तिच्या सुमारे पाच हजार पट ताठरता तेच दोन पापुद्रे वीस मिलिमीटर अंतरावर ठेवल्याने मिळते. मधल्या गाभ्याचे वजन त्या पापुद्र्यांच्या वजनाइतकेसुद्धा भरत नाही. अग्निबाणाने वाहून न्यायच्या प्रत्येक किलोमागे खर्च असतो, तेव्हा या युक्तीचे मोल वेगळे सांगायला नको.

परंतु ही युक्ती गणिताला जड जाते. कार्बन तंतूंची ताठरता लांबीच्या दिशेत आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरा पट जास्त असते. म्हणून एकेक थर कोणत्या कोनात घातला आहे ते पाहावे लागते. गाभ्याचे तर विचारूच नका. सहा मिलिमीटरची घरे धरली तर एक चौरस मीटरच्या फलकात सुमारे ३२ हजार घरे भरतात. प्रत्येक घराची प्रत्येक भिंत स्वतंत्र धरायची म्हटले तर एका फलकालाच काही लाख समीकरणे लागतील, आणि उपग्रहाला असे फलक दहा-वीस असतात.

आमचे विद्यार्थी नेमके इथेच फसतात. त्यांना वाटते, जितकी घरे दाखवू तितके खरे. वास्तविक फलकाच्या पहिल्या पंधरा-वीस तऱ्हांत जी लाट उमटते ती हातभर लांब असते. सहा मिलिमीटरचे घर तिच्या खिजगणतीतही नसते. तिला गाभ्याची एकच गोष्ट जाणवते. ती म्हणजे वरचा पापुद्रा खालच्यावरून सरकू पाहतो त्याला गाभा किती विरोध करतो, म्हणजेच त्याची कर्तन-ताठरता. हा विरोध गाभ्याच्या दोन दिशांत वेगवेगळा असतो, आणि एवढे दोन आकडे बरोबर दिले तर सबंध गाभ्याच्या जागी एक सलग काल्पनिक थर ठेवता येतो. दोन हजार एलिमेंट्समध्ये काम भागते. उलट हे कर्तन विसरून जुन्या पातळ पट्टीचे सूत्र लावले, तर फलक आहे त्यापेक्षा ताठ दिसतो, वारंवारता फुगून येते आणि आपण निश्चिंत राहतो. राइस्नर यांनी १९४५ मध्ये आणि मिंडलिन यांनी १९५१ मध्ये पट्टीच्या सिद्धांतात कर्तनाला जागा करून दिली. त्यांचे काम या फलकांना तंतोतंत उपयोगी पडते. ३२ हजार घरे टाकून दिली तरी चालते, पण कर्तन टाकले तर चालत नाही. विवेक म्हणतात तो हाच.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत अवकाशयानांचे गणित करणाऱ्यांच्या हाती जे मोठे संगणक होते त्यांच्यातल्या आयबीएम ७०९० ची स्मृती ३२ हजार शब्दांची होती. आजच्या खिशातल्या फोनपुढे ती काहीच नव्हे. त्या गरिबीतून काही फार सुंदर कल्पना निघाल्या. गायन यांनी १९६५ मध्ये 'एआयएए जर्नल'मध्ये एका पानाचे टिपण छापले. ज्या बिंदूंवर फारसे वस्तुमान नाही ते बिंदू आपल्या शेजाऱ्यांमागून मुकाट्याने जातात असे समजा, आणि त्यांना समीकरणांतून वगळा, एवढाच त्याचा आशय. त्याच वर्षी हर्टी यांनी मोठ्या रचनेचे तुकडे पाडून गणित करण्याची रीत मांडली, आणि १९६८ मध्ये क्रेग आणि बॅम्पटन यांनी तिला असे सुटसुटीत रूप दिले की आजही जगभर तीच वापरतात.

ती रीत थोडक्यात अशी. उपग्रह हा एक तुकडा आणि अग्निबाण हा दुसरा. दोघे जिथे जोडले जातात ती कड घट्ट धरून ठेवली असे समजायचे, आणि तशा स्थितीत उपग्रहाच्या पहिल्या काही तऱ्हा काढायच्या. मग कडेची एकेक हालचाल थोडीशी करून पाहायची आणि तेव्हा सबंध उपग्रह कसा हलतो किंवा वाकतो ते टिपायचे. एवढ्या दोन प्रकारच्या आकारांतून उपग्रहाची कोणतीही संथ हालचाल जुळवता येते. किती तऱ्हा ठेवायच्या? त्यांचे परिणामी वस्तुमान मोजायचे. एकूण वस्तुमानाच्या नव्वद-पंच्याण्णव टक्के भरले की बहुधा थांबता येते. पाच लाख अज्ञातांचे मॉडेल असेल तर ते शंभर तऱ्हा आणि कडेच्या सहा हालचाली एवढ्यावर येते. १०६ ओळी, १०६ रकाने, म्हणजे अकरा हजारांच्या आसपास आकडे. एखाद्या जाड वहीत हाताने लिहून काढता येतील इतकेच! उपग्रह बनविणारे हेच आकडे अग्निबाणवाल्यांकडे पाठवितात, ते आपल्या अग्निबाणाशी जोडून संयुक्त भाराचे गणित करतात आणि उपग्रहाच्या कोणत्या भागावर किती जोर येईल ते उलट कळवितात. यात एक गमतीचा फायदाही आहे. एवढ्या आकड्यांवरून आतली रचना कशी आहे ते परक्याला सांगता येत नाही. गुपितही राहते आणि कामही होते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: "सर, ती संगणकांच्या दुष्काळातली काटकसर झाली. आज आमच्याकडे यंत्रे आहेत, मग आठ लाख एलिमेंट्स घेतले तर बिघडले कुठे?" आक्षेप अगदीच पोकळ नाही. एकदाच गणित करायचे असेल तर खुशाल करा. पण संमिश्र द्रव्याचा फलक कागदावर असतो तसा कारखान्यातून कधीच येत नाही. तंतूचा कोन एखाद्या अंशाने चळतो, राळ कुठे कमी कुठे जास्त होते, चिकटविलेला सांधा एका फलकात घट्ट तर दुसऱ्यात किंचित सैल असतो. या सगळ्याचा परिणाम पाहायचा तर तेच गणित आकडे बदलून हजार वेळा करावे लागते. एका वेळेला सहा तास लागत असतील तर हजार वेळांना २५० दिवस झाले. छोटे मॉडेल दहा सेकंदांत उत्तर देत असेल तर तेच काम तीन तासांच्या आत संपते. तेव्हा खरे ज्ञान कोणाला झाले, एकच उत्तर सहा दशांशस्थळांपर्यंत काढणाऱ्याला, की उत्तर किती हलू शकते हे पाहणाऱ्याला?

शिवाय एक गोष्ट अशी आहे की जी एलिमेंट्स कितीही वाढविले तरी मिळत नाही. ती म्हणजे अवमंदन, कंपन आपोआप विरत जाण्याचा गुण. अनुनादाच्या वेळी मूळ हादरा किती पटीने वाढेल ते यावरच ठरते. अवमंदन एक टक्का असेल तर पन्नास पट, दोन टक्के असेल तर पंचवीस पट. म्हणजे या एका आकड्यात दुपटीची चूक झाली की उपग्रहावरचा भारही दुपटीने चुकला. बाकीचे आठ लाख एलिमेंट्स तिथे हात बांधून उभे! आणि हा आकडा येतो कुठून? मुख्यतः सांध्यांतल्या घर्षणातून, बोल्टांतून, चिकटद्रव्यातून, तारांच्या जुडग्यांतून. तो पुस्तकात सापडत नाही, मोजावाच लागतो. म्हणून तर कंपनयंत्रावर प्रत्यक्ष उपग्रह चढवून चाचणी घेतात आणि मुख्य तऱ्हांच्या वारंवारता गणिताशी पाच टक्क्यांच्या आत जुळतात की नाही ते पाहतात. न जुळल्या तर मॉडेल बदलायचे. चाचणीला खोटे पाडायचे नसते. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण आलेखावरचे नकोसे शिखर 'उपकरणाचा दोष' म्हणून खोडलेले मी प्रकल्पांच्या वह्यांत पाहिले आहे.

सांध्यांचे महत्त्व 'गॅलिलिओ' यानाइतके दुसऱ्या कोणी शिकविले नसेल. गुरूकडे जाणाऱ्या या यानाची मोठी अँटेना छत्रीसारखी मिटलेली होती. तिला कार्बन तंतूंच्या संमिश्राच्या अठरा फासळ्या होत्या. यान ऑक्टोबर १९८९ मध्ये निघाले आणि एप्रिल १९९१ मध्ये अँटेना उघडायला घेतली, तेव्हा काही फासळ्या अडकून बसल्या. त्या शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. लहान अँटेनावर काम भागवावे लागले. चौकशीतून निष्कर्ष निघाला तो असा, की 'चॅलेंजर'च्या १९८६ च्या अपघातानंतर उड्डाण लांबले, त्या काळात कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्यामध्ये ट्रकमधून झालेल्या फेऱ्यांत कंपनांनी सांध्यांतले कोरडे वंगण झिजविले. कोट्यवधी मैलांच्या प्रवासाला निघालेले यान रस्त्यावरच्या हादऱ्यांनी जायबंदी झाले! आपल्याकडचे रस्ते पाहता हा धडा आपण तरी विसरू नये. कोणत्याही मॉडेलमध्ये एलिमेंट्स वाढवून हा ट्रक दिसला नसता. तो माणसालाच आठवायला हवा होता.

'हबल' दुर्बिणीची कथा निराळी. १९९० मध्ये ती कक्षेत गेली आणि सावलीतून उन्हात येताना तिचे सौरपंखे तापून झुलू लागले. हेलकावे संथ, सेकंदाला एकाहूनही कमी. पण ताऱ्यावर रोखलेल्या दुर्बिणीला तेवढेही सोसवत नव्हते. दिशा सांभाळणाऱ्या संगणकाची आज्ञावली बदलून तात्पुरता इलाज केला आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन पंखेच बदलले. दुर्बिणीवरचा तो संगणक काही लाखो समीकरणे सोडवीत बसणार नव्हता. त्याला त्या पंख्यांच्या दोन-चार तऱ्हा नेमक्या ठाऊक असणे एवढेच पुरे होते.

छोटे मॉडेल सर्वत्र चालते असे मात्र मी म्हणणार नाही. वारंवारता वाढत गेली, काही शे हर्ट्झच्या पुढे गेली, की तऱ्हा इतक्या दाटीवाटीने येतात की एकेकीचे नाव घेणे व्यर्थ ठरते. तिथे सरासरी ऊर्जा कोणत्या फलकातून कोणत्या फलकात वाहते एवढेच पाहायचे, अशी निराळी रीत आहे. म्हणजे तिथेही टाकूनच द्यायचे, फक्त वेगळे काही.

आता आपल्या महाविद्यालयापुरते. १९७५ चा 'आर्यभट' बेंगळुरूच्या पीण्यातील शेडमध्ये जुळविला गेला. आज आपल्या बेळगाव जिल्ह्यात हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग तयार होतात. आपल्या मुलांना या कामाची दारे बंद नाहीत. पण आत गेल्यावर त्यांच्याकडून कशाची अपेक्षा होईल? सॉफ्टवेअरची बटणे दाबणारे पुष्कळ मिळतात. उद्यमबागच्या फौंड्रीत ओतीव भागावर हातोडी टिचकावून, आवाजावरून आतली चीर ओळखणारा जुना कामगार मला त्यांच्यापेक्षा या शास्त्राच्या जवळचा वाटतो. त्याने ऐकायचे काय ते ठरविलेले असते.

म्हणून माझी सूचना अशी की, पुढील वर्षापासून कंपनाच्या कोणत्याही प्रकल्पात संगणक उघडण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक पान हाताने लिहून द्यावे. उत्तर साधारण किती येईल, आणि मी कोणकोणत्या गोष्टी सोडून दिल्या व का, एवढेच त्यात असावे. तोंडी परीक्षेतले निम्मे गुण त्या पानाला असावेत. काही सहकाऱ्यांना हे जाचक वाटेल याची मला कल्पना आहे. रंगीत चित्र तपासायला सोपे असते.

आणि या पानासाठी सरावही फुकटात होतो. आपल्या कर्मशाळेत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पडलेल्या आहेत. तीन मिलिमीटर जाडीची एक घ्यावी, अर्धा मीटर बाहेर ठेवून तिचे टोक व्हाइसमध्ये आवळावे. सूत्राने पहिली वारंवारता दहा हर्ट्झच्या किंचित खाली येते, आणि पट्टीची रुंदी काहीही असली तरी तीच येते. टोक दाबून सोडावे आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या संथ गतीने टिपावे, म्हणजे एका हेलकाव्याला चोवीस चित्रे मिळतात. प्रत्यक्षातला आकडा सूत्रापेक्षा कमी भरेल, कारण व्हाइस पुस्तकातल्यासारखी अचल नसते. मग झोका निम्मा व्हायला किती हेलकावे लागले ते मोजावे. अवमंदन एक टक्का असेल तर अकरा लागतील. त्यानंतर व्हाइसचा दांडा पाव फेरा सैल करून पुन्हा मोजावे, आणि पट्टी तीच असताना आकडा का बदलला ते त्या पानावर लिहावे.